गाणं बसेपर्यंत

काडेपेटीएवढा, कोपऱ्यावर टवका उडालेला असा मी एक जुना हेडफोन-अ‍ॅम्प आहे. मित्रांनो, नावाला घाबरू नका! इलेक्ट्रिक गिटारीत मला खोचायचं, माझ्यात हेडफोन खोचायचा, की अख्खं वादळ फक्त वाजवणाऱ्याच्या कानात. बाहेर नुसती तारांची टिकटिक.

कारखान्यात एका ताईंनी मला तपासलं, "गुणी आहे हा," म्हणाल्या आणि खोक्यात घातलं. तिथून मी एका दोन खोल्यांच्या घरात आलो. माझी मालकीण शाळेत जाणारी, पण घरात तिचं नाव भिंगरी, कारण ती एका जागी बसून जेवतसुद्धा नसे. तिचे बाबा छापखान्यात रातपाळीला यंत्र चालवायचे आणि दिवसा झोपायचे. म्हणून तर मला आणलं होतं!

शाळेतून आली की भिंगरी पलंगाच्या कडेला बसायची. भिंतीकडे तोंड करून बाबा झोपलेले, आणि माझ्या पोटात तिचे सूर नुसते उसळत असायचे. काय सांगू, ते दिवस म्हणजे माझं राज्य होतं! कधीकधी बाबा कूस न बदलताच म्हणायचे, "गिटारीला सर्दी झालीय का गं? नुसती टिकटिक करतेय."

"बाबा, झोपा ना!"

"झोपतो. पण एकदा ऐकव की."

"अजून बसलं नाहीये गाणं. बसलं की सगळ्यात आधी तुम्हालाच."

ते गाणं तिनं स्वतः रचलं होतं, बाबांसाठी. एका जागी बोट अडखळायचं आणि ती परत पहिल्यापासून सुरू करायची. किती ऋतू गेले! माझा टवका उडाला, बॅटरी लवकर दमायला लागली. बाबांनी टिकटिकीची थट्टा करणं सोडलं. आम्हाला वाटलं, सवय झाली त्यांना. हाक मारली तरी ते वळत नसत. आम्हाला वाटलं, थकलेत. आई म्हणायची, "यांचं लक्षच नसतं हल्ली."

आणि एका सुट्टीच्या दुपारी गाणं बसलं. पक्कं बसलं! भिंगरीनं बाबांना खुर्चीत बसवलं, हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. मला चार्ज करायचं मात्र त्या आनंदात राहूनच गेलं. बाबांनी माझं आवाजाचं चाक पार शेवटपर्यंत फिरवलं. मी मनात म्हटलं, वा, काय दर्दी माणूस आहे!

ती वाजवू लागली. बाबा तिच्या बोटांकडे बघत मान डोलवू लागले. अडखळायची जागाही तिनं झोकात पार केली. आणि मित्रांनो, तिथेच माझी बॅटरी संपली. माझा दिवा विझला. माझ्यातून एक सूरही बाहेर पडेना. बाबांची मान मात्र तशीच डोलत होती.

गाणं संपलं. "वा! मस्त बसलंय गं!" बाबा घरभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले.

भिंगरीनं हसून खाली पाहिलं. माझा विझलेला दिवा तिला दिसला. दारात उभ्या आईलाही दिसला.

छापखान्यातल्या यंत्रांच्या खडखडाटानं त्यांचे कान केव्हाच नेले होते, आणि लेकीला कळू नये म्हणून ते हसत राहिले होते.

भिंगरीनं हेडफोन अलगद काढला, मला उपसून टेबलावर ठेवलं. मग बाबांचा तळहात गिटारीच्या अंगावर टेकवला आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. बाबांनी डोळे मिटले.

आता मी खणात असतो. मित्रांनो, मला वेळेवर चार्ज करा, तळमळीनं सांगतो. माझ्या संगतीत खुशाल चुका, शंभरदा चुका. पण ज्याच्यासाठी वाजवताय, त्याला न बसलेलं गाणंसुद्धा ऐकवून टाका. त्याच्या कानांवर तुमचा हक्क आहे, पण कायमचा नाही.

खणाची फट उघडी राहिली की मला अजूनही टिकटिक ऐकू येते. आणि मोठ्यानं बोलणारे बाबाही.

"सर्दी बरी झाली हं गिटारीची," ते म्हणतात. "हाताला लागतेय."