मालतीबाईंचा गुरुवार

उज्ज्वलेच्या आईचा शेवटचा गुरुवार इतर गुरुवारांसारखाच गेला. दुपारी तिनं भांडी आवरली, पदराला पिन लावली आणि गोडादऱ्याहून कोसाडला जायला निघाली. चर्चच्या मंडळीतल्या मालतीबाई दोन वर्षं तिथं अंथरुणावर होत्या. दर गुरुवारी आई त्यांच्यासाठी प्रार्थना करायला जायची.

"चाल ना माय," दारातून ती उज्ज्वलेला म्हणाली. "मालतीबाई तुले इचारस."

"शाळेचे पेपर तपासायचेत गं."

"तपास, तपास. तू नापास कर, मी शे ना प्रार्थना कराले," म्हणत आईनं चपला घातल्या.

संध्याकाळी ती परतली, वरणभात जेवली, वेळेवर झोपली. सकाळी उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले.

तीन आठवड्यांनी मालतीबाईंच्या सुनेचा, पूजाचा फोन आला.

"दीदी, गुरुवार आला की मम्मी सकाळपासून दाराकडे बघत राहतात. जेवतही नाहीत धड. कोणी येईल का?"

"मी येते," उज्ज्वला म्हणाली आणि फोन ठेवल्यावर धास्तावली. तिचं नाव होतं ते लिहिण्यात. रविवारच्या उपासनेत तिनं लिहिलेली प्रार्थना वाचली जायची, आणि पाळक म्हणायचे, हे देवानं दिलेलं कृपादान आहे, नीट सांभाळ. ते तिनं मनापासून सांभाळलं होतं. पण आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. आपण गेलो आणि मालतीबाईंचा गुरुवार रिकामाच राहिला तर?

म्हणून ती प्रार्थना लिहूनच घेऊन गेली. दोन पानं, चांगली घासूनपुसून. कोसाडच्या त्या एका खोलीत पूजा साड्यांचे धागे कापत बसली होती. मालतीबाईंनी डोळे मिटले, हात जोडले. उज्ज्वलेनं सावकाश वाचलं. आमेन म्हटल्यावरही मालतीबाईंचे हात जोडलेलेच. मग एक डोळा उघडला.

"व्हयनं?"

"झालं, मावशी."

"चांगलं शे. पन मना गुडघा राही गया."

पूजा साडीत तोंड लपवून हसली.

"तुनी माय आशी नही बोले," मालतीबाई म्हणाल्या. "ती पहिले इचारे, देवले काय सांगू? मंग मी जे सांगू, तेच ती सांगे."

"एक शब्द इकडचा तिकडे नाही," पूजा म्हणाली. "माझ्या चुगल्यासुद्धा. माझ्यासमोर."

आई मंडळीपुढे कधी उभी राहिली नव्हती. तिला शब्द सापडत नाहीत, असंच उज्ज्वलेनं धरलं होतं. तिनं ती पानं पिशवीत ठेवली आणि खाटेजवळ सरकली.

"मावशी, देवाला काय सांगू?"

मालतीबाईंनी उशी नीट करून घेतली. डावा गुडघा. पाठ, पण पाठीचं फार नको, तिचं मागच्या खेपेला सांगून झालंय. नाशिकच्या नातवाची नोकरी.

"आनि सांग, पूजा च्यामां साखर कमी टाकस."

"दीदी, साखरेला डॉक्टरांनी नको म्हटलंय, तेही सांगा."

उज्ज्वलेनं दोघींचं सांगितलं. गुडघा, पाठ थोडक्यात, नातू, साखर, डॉक्टर. अहिराणीत ती अडखळत होती, मालतीबाई मधूनच शब्द पुरवत होत्या. 'आमेन' म्हणायला तिनं तोंड उघडलं, तर मालतीबाईंनी तिचं मनगट धरलं.

"थांब. आते तुनं सांग. तुनी माय सगळास्ना शेवट सोतानं सांगे."

"काय सांगायची?"

"ते तिनं नि देवनं."

धागे कापणारी कात्री थांबली. उज्ज्वलेनं डोळे मिटले. घरून लिहून आणलेलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं.

"प्रभू," ती म्हणाली, "माझ्या आईला सांग. मंडळीनं प्रत्येकाचं कृपादान कागदावर लिहायला सांगितलं, तेव्हा तिनं तिचा कागद माझ्याकडे भरायला दिला आणि मी त्यावर 'चहापाणी' लिहिलं. ती काही बोलली नाही. मीही नाही. तिला सांग, चुकून नाही, मुद्दाम लिहिलं. ती कोणापाशीही बसू शकायची, मला ते यायचं नाही. आई, मला तुझा हेवा वाटायचा."