एकाच वाक्याच्या चार चिठ्ठ्या

त्या गावात तेव्हा दोन वेगळ्या पंथांची दोन चर्च होती. एक चढावर आणि दुसरं उतारावर, म्हणून एकाला सगळे वरचं म्हणत आणि दुसऱ्याला खालचं. यात कुणाला कमी लेखायचा हेतू नाही, असं वरचे म्हणत. खालचे त्यावर काहीच म्हणत नसत.

वरच्या चर्चात मागच्या दाराजवळ एक लाकडी पेटी असे. मनातली विनंती कागदावर लिहायची, घडी घालून पेटीत टाकायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती पेटी वेदीपुढे ठेवली जाई, सगळ्यांच्या वतीने एक प्रार्थना होई, आणि मग मागच्या अंगणात चिठ्ठ्या न उघडता जाळून टाकत. कुणी कधी एक चिठ्ठी वाचली नव्हती. त्यामुळे लोक अगदी मोकळेपणाने लिहीत. नवऱ्याचं घोरणं थांबव, सासूला सुबुद्धी दे, शेजारणीचा कोंबडा उचल, असलंही त्यात असणार. पण ते देवाला ठाऊक आणि अंगणातल्या राखेला.

शिवणवाली अकरा वर्षं दर रविवारी एक चिठ्ठी टाकत होती. कागद तिच्या दुकानातला, तपकिरी, ज्यावर ती झग्यांची आणि सदऱ्यांची मापं आखून कापत असे. वाक्यही अकरा वर्षं तेच. ‘माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या खऱ्या घरी, वरच्या चर्चात, परत आण.’ वाक्य तिला इतकं पाठ होतं की हात आपोआप लिहून मोकळा होई आणि ती तोवर आज दुपारी कुणाचा कोट द्यायचाय याचा विचार करी.

धाकटीने खालच्या चर्चातल्या घड्याळजीशी लग्न केलं होतं आणि त्याच्याबरोबर खालीच जाऊ लागली होती. लग्नाच्या वेळी दोघी बहिणींत जे काही बोलणं झालं ते झालं. धाकटीच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मोठी गेली नाही. डोकं दुखतंय असा निरोप पाठवला. त्यानंतर दोघी आईच्या घरी भेटत तेवढ्याच. मागच्या वर्षी आई गेली आणि आता भेटणार कुठे, असा प्रश्न पडला. तो धाकटीनेच सोडवला. एका गुरुवारी दुपारी ती मुलीला घेऊन सरळ दुकानात आली, कापडाच्या गठ्ठ्यावर बसली आणि म्हणाली, “ताई, चहा करतेस का मी करू?” तेव्हापासून दर गुरुवारी ती अर्धा तास येई. चर्चचा विषय दोघींपैकी कुणीही काढत नसे. मोठीने तर कानाला खडा लावला होता. तो अर्धा तास तिला हवा होता. बाकीचा आठवडा मशीन आणि ती.

दरवर्षी थंडीत आठ दिवस असे येत की जगभरची चर्च एकमेकांसाठी प्रार्थना करत. या गावात त्याचं रूप म्हणजे एक संध्याकाळ. दोन्हीकडची माणसं एका खोलीत दोन बाजूंना बसत, चार गाणी म्हणत, चहा पीत आणि आपापल्या वाटेने जात. त्या वर्षी वरती नवे फादर आले होते. खालचे पाळक आणि ते दोघेही बुद्धिबळाचे शौकीन निघाले, आणि त्यांच्या डोक्यात पटावर काहीतरी आलं. ठरलं असं की वरच्यांची पेटी खाली न्यायची आणि खालच्यांनीही तशीच एक पेटी भरून वर पाठवायची. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि आठ दिवस दुसऱ्याची ती विनंती आपली म्हणून देवापुढे ठेवायची. जशी लिहिली असेल तशी. दुरुस्ती करायची नाही, आणि कुणाची ते शोधायचं नाही.

फादरांनी हे रविवारी उपासनेच्या शेवटी सांगितलं. “ज्यांना आपली चिठ्ठी काढून घ्यायची असेल त्यांनी आजच काढावी,” असंही सांगितलं, आणि निम्मं चर्च पेटीकडे धावलं म्हणतात. शिवणवाली तेव्हा आतल्या खोलीत वेदीच्या कापडाची उसवलेली कड शिवत बसली होती. तिच्या कानावर यातलं अक्षरही आलं नाही.

तिला कळलं ते मंगळवारी, घंटा वाजवणारे म्हातारेबुवा पँटची चेन बदलून घ्यायला आले तेव्हा.

“पेटी दिली बाई खाली पोचवून. हलकीच झाली होती. सगळ्यांनी आपापली पापं आधीच उचलून नेली.”

“कुठली पेटी?”

बुवांनी सगळं सांगितलं. शिवणवालीने कात्री टेबलावर ठेवली.

“परत आणता येईल का?”

“काल संध्याकाळीच वाटल्या चिठ्ठ्या. का हो? तुम्ही काय लिहिलंत एवढं?”

“काही नाही. गुडघा दुखतो म्हणून.”

हे खोटं तिच्या तोंडून निघालं त्याचं कारण असं की तासाभरापूर्वीच फादरांनी तिच्या वाटची चिठ्ठी दुकानात आणून दिली होती, एका लिफाफ्यात, कसलं तरी पत्रक असेल म्हणून तिने नुकतीच उघडून बाजूला ठेवलेली. तीत निळ्या शाईत एवढंच होतं, ‘गुडघा फार दुखतो. जिना उतरताना.’

बुवा गेल्यावर ती खुर्चीत बसली ती बसलीच. पेटी महिन्याची होती. म्हणजे तिच्या चिठ्ठ्या चार. तपकिरी कागद गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. खालची माणसं मोजून तीसेक, त्यात तिची बहीण. ‘खरं घर’ हे शब्द त्या तीस जणांत मोठ्याने वाचले गेले असणार आणि सगळ्यांच्या माना धाकटीकडे वळल्या असणार. गुरुवार आता संपला, एवढं तिला स्वच्छ दिसलं.

बुधवारी तिने देवाकडे रीतसर तक्रार केली. मी तुझ्यापाशी बोलत होते, तिऱ्हाइतापाशी नाही, असं. मग आठवलं की आपल्याकडे कुणाचा तरी गुडघा आहे. ठरलंय तर करायला हवं, म्हणून तिने गुडघ्यासाठी प्रार्थना केली. ती फार लवकर संपली. गुडघ्याविषयी देवाला जास्त काय सांगणार? पण दुपारी ती धागे आणायला बाहेर पडली आणि तिच्या लक्षात आलं की आपण येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाचे पाय बघतोय. खालच्या चर्चातली पाववाली एका बाजूला झुकून चालत होती. हिचा असेल का? टपालवाला पायरी उतरताना कठड्याला धरत होता. की याचा? इतकी वर्षं ती या लोकांना ‘खालचे’ म्हणून ओळखत होती; त्यांना जिने असतात हे तिच्या मनात आलं नव्हतं. कुणाचा गुडघा ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पाववालीची पिशवी मात्र तिने त्या दिवशी कोपऱ्यापर्यंत उचलून दिली, आणि पाववाली चकित होऊन दोनदा “असू दे” म्हणाली.

गुरुवारी तीन वाजले. मग सव्वातीन. शिवणवालीने एकच शिलाई दोनदा उसवली. साडेतीनला दार वाजलं. धाकटी एकटीच होती, मुलगी बरोबर नव्हती. ती गठ्ठ्यावर बसली नाही. तिने पर्समधून चार तपकिरी कागद काढले आणि मशीनच्या पाटावर एकाशेजारी एक ठेवले.

“चार? ताई, अगं एकाने भागलं नसतं?”

“दर आठवड्याची एक,” मोठी मान खाली घालून म्हणाली.

“देव बहिरा वाटला का तुला?”

“कुणाकुणाला मिळाल्या?”

“पहिली पाळकांच्या बायकोला. तिने वाचली आणि खोकत बसली. दुसरी आमच्या ह्यांना.”

“घड्याळजींना!” मोठीची मान एकदम वर झाली. “काय म्हणाले?”

“म्हणाले, अक्षर सुंदर आहे तुझ्या ताईचं. मग मी उठले, चौघांकडून चारही मागून घेतल्या. म्हटलं, ह्या माझ्या घरच्या आहेत, मीच करते.”

“काय करतेस?”

“प्रार्थना. दुसरं काय? नियम आहे ना, जशी लिहिली तशी.” धाकटी आता बसली. “सोमवारी रात्रीचं जेवण आटोपल्यावर बसले आणि म्हटलं, देवा, माझ्या ताईच्या धाकट्या बहिणीला तिच्या खऱ्या घरी, वरच्या चर्चात, परत आण. इतका राग आला होता ना मला! दातओठ खात म्हटलं. मंगळवारी परत म्हटलं. कालही.”

“मग?”

“मग काय! मी काही वर येणार नाही ताई. ते मी देवालाही सांगितलं. माझं तिथे आहे सगळं. पोरगी गाते तिथे. पण रोज म्हणताना एक व्हायचं. मला मी दिसायचेच नाही त्यात. तूच दिसायचीस, कागद फाडून लिहिताना. अकरा वर्षं. एवढं काय अडलंय हिचं माझ्यावाचून, असं वाटायला लागलं. तेच विचारायला आले. पोरीला मुद्दाम ठेवून आले.”

शिवणवालीने चिठ्ठ्या गोळा केल्या, सरळ केल्या, पुन्हा ठेवल्या. तिला उत्तर तयार होतं. सत्य, परंपरा, आईची श्रद्धा. अकरा वर्षांपूर्वी हे सगळं ती बोललीही होती. पण चार वेळा लिहिलेलं तेच वाक्य एवढ्या जवळून वाचताना ते कुण्या भलत्याच बाईने लिहिल्यासारखं वाटत होतं.

“आपला बाक,” ती शेवटी म्हणाली.

“बाक?”

“डावीकडून चौथा. आधी आपण चौघं बसायचो. बाबा गेले, तू गेलीस, मग आई. आता मी एकटी असते. लोक समजून उमजून त्या बाकावर बसत नाहीत, घराण्याचा म्हणून. मी मधोमध बसते, म्हणजे रिकामा कमी दिसतो.”

धाकटीने एक चिठ्ठी उचलून पुन्हा वाचली.

“मग हे का नाही लिहिलंस?”

“लाज वाटली.”

“देवापुढे?”

“त्याच्यापुढेच. वाटलं, मोठं काहीतरी मागावं. धर्माचं. बाकाचं काय घेऊन बसलीस, असं म्हणाला असता.”

“म्हणाला असता, असं तूच ठरवलंस,” धाकटी म्हणाली, आणि मग तिला हसू फुटलं. “अकरा वर्षं माझ्या आत्म्याच्या नावाने बाकावर माणूस मागत होतीस! आणि मी इकडे दातओठ खातेय.”

मोठीलाही हसू आलं, पण ते अर्ध्यावर फिसकटलं आणि तिने डोळ्यांना गळ्यातली मापाची फीतच लावली, दुसरं काही हाताशी नव्हतं.

“बाप्तिस्म्याला माझं डोकं दुखत नव्हतं,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे. नाक पूस आधी.”

त्या दिवशी धाकटी अर्ध्या तासाने उठली नाही. निघताना दारात म्हणाली, “तुमची उपासना आठला ना? आमची दहाला. हे बघ, दर रविवारी जमणार नाही. महिन्यातून एकदा जमेल.”

ती आली त्या रविवारी शिवणवाली बाकाच्या मध्यावरून सरकून कडेला बसली. पुढच्या रांगेतल्या दोघींनी वळून पाहिलं, मग बळेच समोर पाहिलं. धाकटीला गाणी अजून पाठ होती. गुडघे टेकायच्या वेळी ती टेकली, उठायच्या वेळी उठली. सगळं जुन्यासारखं चाललं, कम्युनियनची, म्हणजे वेदीपाशी जाऊन पवित्र भाकर घ्यायची, वेळ येईपर्यंत.

मग बाकाबाकावरून माणसं उठू लागली. खालच्या मंडळींना वर ती भाकर देत नसत. तसा नियम होता, तो फादरांच्या हातातला नव्हता आणि शिवणवालीच्या तर नव्हताच. हे तिला जन्मापासून माहीत होतं. नियम बसलेला कसा दिसतो, ते मात्र तिने आज पाहिलं. अख्ख्या चर्चात तिची बहीण तेवढी बसून होती, हात मांडीवर, नजर सरळ. अकरा वर्षं ‘परत आण’ म्हणताना ही जागा तिला कुणीतरी दाखवायला हवी होती.

तिला वाटलं, आपणही बसून राहावं. ती तशी बसलीही, क्षणभर. धाकटीने तिला कोपराने ढोसलं.

“उठ. माझ्यासाठी उपाशी राहू नकोस.”

“पण तू?”

“मी आहे इथेच. जा, आणि तिथे पोचलीस की दोघींची प्रार्थना म्हण.”

शिवणवाली उठली. धाकटीने तिला जायला वाट म्हणून गुडघे बाजूला घेतले.

“जागा धरून ठेव,” मोठी पुटपुटली.

“कोण घेतंय इथे! जा लवकर, रांग अडलीये.”