पुसलेल्या फितीवरचा आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. टेबलावर मावणारा नव्हे हं! चांगला कपाटाएवढा, चार माणसांनी मिळून उचलायचा. कारखान्यात माझी जुळणी झाली आणि तिथून मी थेट रेकॉर्डिंग स्टुडिओत आलो. ताटाएवढ्या दोन चकत्या गरगर फिरवत मी दिवसभर गाणी साठवायचो. तेव्हा माझा तोरा काय विचारता!

मित्रांनो, तो जगभर गाजलेला रॉक बँड माझ्या डोळ्यांदेखत मोठा झाला. ड्रम वाजवायचा तो दादा. गायचा त्याचा धाकटा भाऊ. आवाज घोगरा, म्हणून त्याचं नाव घोगऱ्या पडलं. गिटारवाला लांबू. बेसवाला महिन्यातून एखादं वाक्य बोले, म्हणून तो मौनीबाबा. रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत.

त्यांचं पहिलं गाणं एका फितीवर भरलं आणि ते असं गाजलं, की त्यांना रस्त्याने चालणं मुश्कील झालं. तेव्हापासून ती फीत 'लकी' ठरली. नवं गाणं आलं की आधीचं पुसून त्याचा कच्चा नमुना तिच्यावरच भरायचा. पक्कं रेकॉर्डिंग मग कोऱ्या फितीवर. मैदानं भरली, भांडणं झाली, लांबू रुसून गेला नि परत आला; पण हा नेम काही चुकला नाही. खुळीच सगळी!

एकदा घोगऱ्याने एक गाणं असंच कच्चं गायलं. ते पक्कं करायचं राहिलं. कार्यक्रमाहून परतताना गाडी उलटली आणि तो गेला.

"एवढ्यात ते गाणं ऐकणं मला झेपणार नाही," त्याची आई म्हणाली. "मन घट्ट झालं की येईन."

पुढे स्टुडिओत कॉम्प्युटर आला. माझ्यावर चादर पडली आणि चादरीवर चहाचे कप. मला फार वाईट वाटायचं.

मग आईने येते म्हणून कळवलं. त्या दिवशी सगळे सकाळीच जमले. दादाने भावावर एक गाणं लिहिलं होतं. शब्द कुणालाच दाखवले नव्हते. आई येईपर्यंत चाल तरी बसवू, म्हणून त्याने माझ्यावरची चादर काढून सवयीने लकी फीत चढवली. घोगऱ्याच्या गाण्याची कॉपी मावशीने केली असणार, असं त्याला वाटलं. दादाने नेली असणार, असं मावशीला. लाल बटण दाबलं गेलं. मला कोण विचारतो?

तिघांनी नुसती चाल वाजवली. गायलं कुणीच नाही. तरी गायकाच्या माइकमधला आवाज दाखवणारा माझा काटा हलत होता. माइक बंद होता, मित्रांनो.

मावशीने फीत ऐकवली. वाजवण्याखालून घोगऱ्याचा पुसट आवाज आला.

"अरे, जुनं नीट पुसलं गेलं नाही वाटतं!" लांबू म्हणाला.

दादा पांढराफटक पडला. "हे जुनं गाणं नाही. हे शब्द माझे आहेत. मी कालच लिहिलेत."

"दादा, जुन्याची कॉपी आहे ना तुझ्याकडे?" मावशीने विचारलं.

"माझ्याकडे? मावशी, तुम्ही नाही केली?"

म्हणजे कॉपी कुणीच केली नव्हती! शेवटी मौनीबाबा म्हणाला, "परत लावा." या खेपेला आवाज आणखी पुसट झाला. मावशीने घाईने कॉपी करून पाहिली. कॉपीत ड्रम होते, गिटार होती, घोगऱ्या नव्हता.

आई केव्हाची दारात उभी होती. "लावा," ती म्हणाली. ती कान देऊन ऐकत राहिली. आवाज तालाच्या थोडा पुढेच धावत होता.

"बघ, अजून दादाच्या पुढे पळतोय. खोड जात नाही मेल्याची!" ती हसली, आणि तिने पटकन तोंडावर हात धरला. मग म्हणाली, "बंद करा. उरलाय तेवढा राहू दे. मी कायमची निघेन त्या दिवशी लावा."

त्यानंतर फीत कुणी वाजवली नाही, आणि माझ्याकडेही कुणी पाहिलं नाही.

आज सकाळी दादाचा फोन आला. "मावशी, आई बोलावतेय. मशीन घेऊन या." मावशी धावतपळत चादर काढते आहे. फीत पुढे ओढणारं माझं रबरी चाक पडून पडून चिकट झालंय. त्यात फीत गुंतली तर तुटलीच म्हणून समजा. वापरात नसलेल्या वस्तूचीही निगा राखावी, असं एरवी मी तुम्हाला सावकाश समजावलं असतं. आज तेवढी सवड नाही. कुणीतरी आधी ते चाक बदला हो. आई वाट बघते आहे.