टीव्हीवरचं ऊन

आमच्या जावयाची एक खोड मला पहिल्यापासून खटकते. सकाळी उठला की चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर जाऊन उभा राहतो. बातम्या नाहीत, गाणी नाहीत, हवामान बघतो. "बसा की जावईबापू, खुर्चीला काही काटे नाहीत," असं मी किती वेळा म्हटलं. "असू दे आई, झालंच," म्हणतो आणि उभाच राहतो. टीव्ही परक्याचा आहे आणि कोणी हटकलं तर निघून जायचंय, असा.

मुलगी एकुलती एक, धंदा इथला, म्हणून जावई आमच्या घरात राहायला आला. धंदा मंडपाचा. लग्न असो, सभा असो, छत आमचं, खुर्च्या आमच्या. आमचे हे होते तेव्हा आभाळाकडे बघून सांगायचे, पाऊस येणार की नाही. अर्ध्या वेळा फजिती व्हायची, पण सांगायचे अशा रुबाबात की आभाळालाच ओशाळं वाटावं. ते गेल्यावर केबलवाल्यानं नवा बॉक्स बसवला आणि त्यात हे हवामान आलं. रिमोटचं लाल बटण दाबलं की हवा उघडते. बाणाचं दाबलं की संध्याकाळची, परत दाबलं की उद्याची. निळ्या बटणानं गाव बदलतं, पण त्याची मला कधी गरज पडली नाही. जावयानंच शिकवलं हे सगळं. शिकवताना मी म्हटलं, "मला काय कुकुलं बाळ समजता?" आणि शिकून घेतलं.

मग मी गल्लीत हवा सांगायला लागले. कपडे वाळत घालू का, गाद्या उन्हात टाकू का, सगळ्या बायका मला विचारायच्या. मी चित्र बघते. सूर्य असला तर सूर्य, ढग असला तर ढग, थेंब असले तर थेंब. वर बारीक अक्षरांत काय काय लिहिलेलं असतं, त्याच्या वाटेला मी जात नाही. दुसरीत असताना शाळा सुटली ती सुटलीच. वाचता येतं मला, पण एकेक अक्षर जमवून. चष्मा लागतो, वेळ लागतो आणि ओठ हलतात. लोकांनी माझे ओठ हलताना बघावं हे मला चालत नाही.

डॉक्टरीणबाईंच्या मुलीचं लग्न मोकळ्या मैदानात होतं. बाईंना वर झिरझिरीत पांढरं कापड हवं होतं, दिव्यांचा उजेड झिरपेल असं. त्यावर ताडपत्री टाकली की सगळी शोभा जाते. लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"ताडपत्री लागेल का हो? नसली तर फार छान दिसेल."

"थांबा, बघून सांगते."

लाल बटण दाबलं. हा भला मोठा पिवळा सूर्य. संध्याकाळवर गेले, तिथेही स्वच्छ.

"बाई, निर्धास्त राहा. थेंब पडणार नाही."

मग मी गोदामावर गेले. गाडी भरत होते. ताडपत्र्या चढवलेल्या होत्या.

"उतरवा त्या," मी म्हटलं.

जावई पुढे आला. "आई, संध्याकाळी पाऊस दाखवतोय."

"कुठे दाखवतोय? मी आत्ता बघून आले. ऊन आहे."

"मी पण सकाळीच बघितलं…"

"मग उभ्यानं बघितलं असेल. बसून बघत जा, नीट दिसेल." कामगार हसले. मला अजून चेव आला. "मशीन तुम्हीच शिकवणार आणि मी सांगितलं की खोटं पडणार? धंदा मी चालवते का तुम्ही?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. काहीतरी विचारायचं होतं त्याला. विचारलं नाही. "उतरवा रे," म्हणाला आणि स्वतः गाडीवर चढला.

संध्याकाळी जेवणं सुरू झाली आणि आभाळ फाटलं. चाळणीतून पडावं तसं कापडातून पाणी पडायला लागलं. नवरीच्या डोळ्यांचं काजळ गालावर आलं. आमच्या खुर्च्या पाहुण्यांनी डोक्यावर घेतल्या, बसायला एकही राहिली नाही. तेवढ्यात जावई गालिचे उलगडायला लागला आणि त्यांच्यातून एक ताडपत्री निघाली. मला न सांगता त्यानं ती घडीत दडवून आणली होती. दोन कामगार धरले आणि जिथे म्हातारी माणसं बसली होती तिथे ती ताणली. बाकी मांडव गेला पाण्यात.

डॉक्टरीणबाई आल्या. भिजलेली रेशमी साडी हातात गोळा केलेली. "एक आणलीत म्हणजे पावसाची कल्पना होती. मग बाकीच्या का नाहीत? तुम्ही तर मला सकाळी छातीठोक सांगितलंत."

मी तोंड उघडायच्या आत जावई म्हणाला, "आईंना मी सांगितलं होतं ऊन आहे म्हणून. माझी चूक आहे."

मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला वाटलंच," बाई म्हणाल्या. "तुमच्या इतक्या वर्षांच्या कामात असं कधी झालं नाही. पुढे आमच्या हॉस्पिटलचा कार्यक्रम आहे, तो मी तुम्हालाच देईन. पण हा माणूस मला तिथे दिसता कामा नये."

आणि माझ्या या तोंडातून, ज्याला गल्लीतली कुत्रीसुद्धा वचकून असतात, काय निघालं असेल? "बघते मी त्यांच्याकडे," असं निघालं.

घरी जाताना मी मनाशी घोकत होते, मशीन त्याचं, शिकवणी त्याची, मग चूकही त्याचीच. घोकलं तरी ते घशाखाली उतरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो लवकरच गोदामावर गेला, ओली कापडं वाळत घालायला. मी टीव्ही लावला. त्याला दाखवणार होते, बघा तुमचा टीव्ही किती खोटारडा आहे. खिडकीबाहेर गटारं वाहत होती, शेजारची पोरं चिखलातून चपला शोधत होती आणि टीव्हीवर सूर्य, कालच्याइतकाच पिवळा.

घरात दुसरं कोणी बघत नव्हतं. मी चष्मा लावला, टीव्हीला नाक लागेल एवढी जवळ गेले आणि वरची अक्षरं जमवायला लागले. जमवली. आमचं गाव नव्हतं. जावयाच्या आईचं गाव होतं, डोंगरापलीकडचं.

घर माझं, भिंत माझी, टीव्ही माझा. तो दुसऱ्याच्या दारातलं ऊन दाखवेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

मुलगी मागे येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. माझे ओठ तिनं बघितले असणार.

"हे गाव काय म्हणून लावून ठेवतो तो?" मी विचारलं.

"रोज बघतो. आधी आपलं, मग तिकडचं. तिकडे ऊन असलं की म्हणतो, आई आज अंगणात बसली असेल. मग परत आपलं लावून ठेवतो."

"काल नाही ठेवलं."

"काल तू खालून ओरडत होतीस, गाडी आली, गाडी आली. तसाच पळाला."

"आईची एवढी काळजी आहे तर फोन करावा माणसानं."

"करायचा की. फोन हातात घेतला की तू म्हणायचीस, घ्या, जावईबापूंना माहेरची आठवण आली. कामगारांसमोरसुद्धा म्हणायचीस. मग बंद केला त्यानं."

हे मी म्हणायचे. हशा व्हायचा आणि मला बरं वाटायचं. तोही हसायचा.

"आणि काल गोदामात त्याला कळलं होतं का," मी विचारलं, "की मी नाव वाचलं नाही?"

"कळलंच असणार. पण विचारणार कसं? सगळ्यांसमोर?"

मी चष्मा काढला. अंगावर पाण्याचा घडा उपडा केल्यासारखं झालं. कालचा पाऊस परवडला, तो सगळ्यांवर पडला होता.

तशीच गोदामावर गेले. जावई दोरीवर पांढरं कापड पसरत होता. कापडावर चिखलाचे डाग पडलेले. कामगार खुर्च्या पुसत होते, मला बघून बोलायचे थांबले. मी सगळ्यांच्या मधोमध उभी राहिले आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.

"बाई, काल ताडपत्र्या मी उतरवायला लावल्या. जावई नको म्हणत होते. टीव्हीवर दुसऱ्याच गावचं हवामान लागलं होतं आणि मी ते आपलं समजून तुम्हाला सांगितलं."

"असं कसं? वर नाव लिहिलेलं असतं ना?"

कामगारांचे हात थांबले होते. जावई कापड सोडून माझ्याकडे यायला निघाला, मान हलवत, नको नको म्हणत.

"असतं," मी म्हटलं. "मी वाचलं नाही. मला वाचायला जड जातं. तुमच्या मुलीच्या लग्नाची नासाडी मी केली, आणि काल त्यांनी ती अंगावर घेतली तेव्हा मी गप्प बसले. काम द्यायचं तर त्यांच्या हाताखाली द्या, नाहीतर देऊ नका."

बाई म्हणाल्या, "विचार करून कळवते," आणि फोन ठेवला. त्यांचा आवाज गोड नव्हता. का असावा?

जावई म्हणाला, "कशाला आई? मिटलं होतं सगळं. चारचौघांत कशाला बोललात?"

कान तापले होते माझे. कामगारांकडे बघवत नव्हतं, म्हणून त्याच्याचकडे बघितलं.

"ऐका जावईबापू," मी म्हटलं. "माणूस तुम्ही चांगले आहात, पण भित्रे झालात. काल मला विचारायला हवं होतं तुम्ही, नाव वाचलंत का म्हणून, आणि मी चिडले असते तरी पुन्हा विचारायला हवं होतं. या घरात आलात तेव्हा तुम्ही असे नव्हता. टोचून टोचून मी केलं तुम्हाला असं. त्याची लाज माझी आहे, ती तुम्ही अंगावर घ्यायची नाही."