साठवर अडलेला काटा

मी एक जुना तापमापक आहे. पितळी चकती, पुढे काच आणि आत एक बारीक काटा, एवढाच माझा पसारा. मित्रांनो, आज मी कपाटाएवढ्या एका चकचकीत खोलीत टांगलेला आहे आणि येणारे-जाणारे माझे कौतुक करतात. ते ऐकताना मला तोंड लपवावेसे वाटते. पण मी म्हणजे सगळे तोंडच आहे, लपवणार कुठे?

मला एका घड्याळजीने घडवले. माझ्या पाठीत त्याने धातूची एक गुंडाळी बसवली. ऊब लागली की ती अंग सैल करते आणि काटा पुढे सरकतो. तिथून मी थेट आलो एका सार्वजनिक स्नानगृहातल्या सॉनात, म्हणजे अंग शेकायच्या खोलीत. लाकडी फळ्यांची खोली, कोपऱ्यात लोखंडी भट्टी आणि भट्टीवर काळे दगड. दगड तापले की त्यांवर पळीभर पाणी ओतायचे. चर्र आवाज होऊन वाफ उठायची आणि बाकांवरची आठ-दहा माणसे एकदम सुस्कारा सोडायची.

ही भट्टी काका सांभाळत. मालकीणबाईंच्या वडिलांच्या वेळेपासून ते तिथे होते, त्यामुळे बाईंना ते अगं-तुगं करत. दर शनिवारी काका मला खिळ्यावरून उतरवत, नखाने दोनदा टिचकी मारत आणि उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून काटा शंभराला पोचतो का ते पाहत. एरवी खालच्या बाकावरचा म्हणे, "गार आहे," वरच्या बाकावरचा म्हणे, "भाजतंय." काका माझ्याकडे बोट दाखवत. "भांडता कशाला? काट्याला विचारा की!" काटा ऐंशीवर असे आणि वाद मिटे. मी फुगून गेलो होतो. इतक्या वर्षांत मी कधी चुकलो नाही, तेव्हा काकांनी शनिवारची तपासणीही सोडून दिली. "याला काय तपासायचं?" असे ते म्हणाले, आणि मला तो केवढा मान वाटला!

वाफ मात्र काचेच्या फटीतून आत येत राहिली. एका हिवाळ्यात साठच्या आकड्यापाशी गंजाचा एक फोड आला. काटा तिथवर चढे आणि अडे.

नेमका त्याच हिवाळ्यात एक विक्रेता कपाटासारख्या खोलीचे चित्र घेऊन आला. "बाई, इन्फ्रारेड सॉना घ्या. लाकूड नको, दगड नको, वाफेची दमट कटकट नको. भिंतीतल्या पट्ट्या थेट अंग शेकतात. साठाच्या आतच काम भागतं."

"त्या तुमच्या कपाटात माणसं किती बसतात?" काकांनी विचारले.

"दोन."

"म्हणजे वाफ नाही आणि गप्पाही नाहीत. मग घरी शेगडीपुढे बसलेलं काय वाईट?"

बाई पेचात पडल्या. रक्तदाबामुळे त्यांना आत बसता येत नसे. दाराच्या काचेतून माझा आकडा वाचायचा, एवढेच त्यांच्या हाती. त्या म्हणाल्या, "काका, महिनाभर बघू. काटा ऐंशीला पोचत राहिला तर आपली भट्टीच ठेवू. नाहीतर ती काढू." झाले! भट्टी राहणार की जाणार, हे माझ्या काट्यावर ठरणार होते.

बाई रोज पाहत आणि रोज साठच दिसत. "काका, लाकूड कमी पडतंय का?" काका आणखी ओंडके सारत. बाकांवरून कुरकुर आली की सवयीने माझ्याकडे बोट दाखवत. त्यांच्या स्वतःच्या कानाच्या पाळ्या लालबुंद होत. माझ्यासमोर उभे राहून ते पुटपुटत, "मला तर भाजतंय. पण काटा साठ म्हणतोय. वय झालं, कातडीला कळेनासं झालं." माझ्यापायी त्यांनी स्वतःच्या कातडीला खोटे ठरवले. मला बोलता येत नाही, ही माझी सबब. खरे सांगतो, कुणाला कळू नये असेच मला वाटत होते.

विसाव्या दिवशी एक निवृत्त मास्तर वरच्या बाकावरून उतरताना घेरी येऊन पडले. कपाळाला तीन टाके पडले. मास्तर बरे झाले, पण बाईंचा धीर सुटला. "काका, आता तुमच्याच्याने होत नाही," त्या खाली बघत म्हणाल्या. दगड गार झाल्यावर ते एकेक करून काकांनी स्वतःच बाहेर नेले.

मग इन्फ्रारेड आला. जुनी आठवण म्हणून बाईंनी मला पुसून त्यात टांगले. इथे गरमी साठापुढे जातच नाही. माझा काटा ऐटीत अठ्ठावन्नपर्यंत चढतो आणि लोक म्हणतात, "बघा, एवढा जुना, पण किती बरोबर दाखवतो!"

परवा बाईंनी काकांना आग्रहाने बोलावले. हल्ली काकांचे गुडघे धरले आहेत, ते शेकायला. काका एकटेच आत बसले. सवयीने त्यांनी मला टिचकी मारली. मग काय मनात आले कोण जाणे, मला खिळ्यावरून काढून त्यांनी तापलेल्या पट्टीच्या जाळीला टेकवले. काटा साठाला पोचून अडला. पितळ इतके तापले की काकांची बोटे भाजली. तरी साठच. काका आधी बोटांकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे.

"तू होतास होय," ते म्हणाले.

ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी टॉवेलच्या टोकाने माझी काच पुसली आणि मला परत खिळ्यावर अडकवले. दारातून बाईंनी विचारले, "काय झालं काका, काटा बिघडलाय का?"

"नाही गं. इथल्यापुरता बरोबर आहे."

मित्रांनो, तुमच्याकडे कधीही न चुकलेले एखादे घड्याळ असेल, एखादा तराजू असेल, तर त्याला जपा, पण अधूनमधून टिचकीही मारा. आणि कधी या स्नानगृहात आलात तर माझे कौतुक करू नका. मला उतरवा, तापल्या पट्टीला टेकवा आणि बाईंना दाखवा. काका त्यांना सांगणार नाहीत.