मालनबाईची खोली

परभणीजवळच्या उमेदसदन रिमांड होममध्ये मालनबाई नऊ वर्षं पोरांचा स्वयंपाक करत होती. कोणाला भाकरी कमी पडते, कोण उशाखाली लपवून ठेवतो, हे तिला बरोबर ठाऊक असे. १९७४च्या पोळ्यानंतर पोलिसांनी आश्रुबाला आणून सोडलं, त्यानं मात्र दोन दिवस ताटाला हातच लावला नाही.

आश्रुबा पंधरा वर्षांचा, पिंगळीकडचा. बाप हातभट्टी लावायचा आणि पोरगं सायकलीच्या ट्यूबमध्ये दारू भरून, सदऱ्याखाली गुंडाळून, रेल्वेनं परभणीला पोचवायचं. अकराव्या वर्षीच त्याला चव लागली. पुढं पुढं तर सकाळचा घोट घेतल्याशिवाय हात स्थिर राहीना.

तिसऱ्या दिवशी तो लटलटा कापायला लागला. अंगाला घाम सुटला, भिंतीवर मुंग्या चढताना दिसू लागल्या. शिपाई म्हणाला, सोंग आहे. अशा पोरांना मागच्या कोठीत घालून कडी लावायची, हा तिथला जुना शिरस्ता. अधीक्षक दत्तराव माणूस वाईट नव्हता, पण आधीचे साहेब करत आले तेच तोही करत होता. शिपायानं पोराचं मनगट धरलं, तशी मालनबाई पिठाच्या हातानंच दारात येऊन उभी राहिली.

"साहेब, पोरगं सोंग करत न्हाई," ती म्हणाली. "आमचे मालक असेच कापत कापत गेले. लोकाला कळू नये म्हणून आमी बी त्यायला कोंडलं होतं."

नऊ वर्षांत तिनं हे कोणाला सांगितलं नव्हतं. दत्तरावानं पोराचं मनगट सोडायला लावलं. मग त्यानं शिपायालाच दवाखान्यात पिटाळलं.

तरुण डॉक्टर आला, त्यानं इंजेक्शन दिलं. अर्धा दिवस कोंडून ठेवलं असतं तर पोरगं हाती लागलं नसतं, असं त्यानं स्पष्टच सांगितलं. मालनबाई पेज घेऊन उशाशी बसली. पाचव्या दिवशी आश्रुबानं स्वतःहून भाकरी मागितली, तेव्हा तिला लय बरं वाटलं.

दत्तरावानं कोठीतली अडगळ काढली, भिंतीला खिडकी पाडली, दोन खाटा टाकल्या. दर गुरुवारी डॉक्टर येऊ लागला. मंजुरीच्या कागदांना वरून उत्तर यायला वर्ष लागलं, पण खिडकी आठ दिवसांत बसली होती. पोरं त्या कोठीला मालनबाईची खोली म्हणू लागली.

महिन्यानं सुनावणी होती. बाप धुतलेलं धोतर नेसून पोराला न्यायला आला. पोराला घरी धाडायचं का, असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा दत्तराव म्हणाला, आमच्या स्वयंपाकीणबाईंना विचारा. मालनबाई पदर सावरून पुढं झाली.

"घरी भट्टी हाय, साहेब. तिथं धाडलं तर पोरगं महिन्यात माघारी येईल."

मग कुठं पाठवायचं, असं त्यांनी विचारलं. पेडगावला तिचा भाऊ सटवाजी सुतारकाम करायचा. त्याला तिनं आधीच तयार केलं होतं. आश्रुबाही जायला राजी झाला. त्यानं गुरुवारी डॉक्टरकडं यायचं, अशी अट हुकुमातच घातली गेली.

दिवाळीत तो एकदा घसरला. दुसऱ्या दिवशी पेडगावहून पायी आला आणि मान खाली घालून सांगून मोकळा झाला. मालनबाईनं त्याला बोल लावला नाही. त्याला जेवू घातलं आणि डॉक्टरला निरोप धाडला. त्यानंतर वर्ष गेलं, त्यानं दारूला हात लावला नाही. सटवाजी म्हणायचा, पोराचा रंधा आता माझ्यापेक्षा सरळ चालतो.

गुरुवारी डॉक्टर गेल्यावर नवी पोरं लिंबाखाली बसत. आश्रुबा आपलं सगळं त्यांना सांगे, मालनबाई ऐकत बसे. दत्तरावानं तिला विचारलं, कागदोपत्री तुमचं पद बदलून मागू का?

"स्वयंपाकीणच राहू द्या," ती म्हणाली. "फक्त गुरुवारी भाकऱ्या थापायला कुणीतरी द्या."

पुढच्या गुरुवारपासून मदतीला आलेली दगडाबाई चुलीपाशी बसू लागली. तिच्या भाकऱ्या जरा जाड व्हायच्या, पण पोरांनी कधी तक्रार केली नाही.