आधी वरच्या ओळी

शिवणवाली ताई दुपारी दुकानात आली आणि चकती काउंटरवर ठेवून म्हणाली, "काका, यात माझा भाऊ आजारी दिसतोय."

चकतीकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. गल्लीतल्या मुलांनी त्यांना हे नाव दिलं होतं आणि मोठ्यांनीही तेच उचललं होतं. जुन्या कॅसेटी असोत की मोबाइलवरचे व्हिडिओ, कोणी आणून दिले की ते टीव्हीवर नीट दिसतील असे डीव्हीडीच्या चकतीवर उतरवून देणं हे काकांचं काम.

"आजारी म्हणजे?"

"हात थरथरतात त्याचे. आमच्या बाबांचे थरथरायचे, अगदी तसे. आईला दोन रात्री झोप नाही."

ताईच्या आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्यांच्या घरात सगळे हातांनी बोलत. भांडायचे, थट्टा करायचे, तेही हातांनीच. धाकटा मुलगा मालवाहू जहाजावर होता. बंदर लागलं की तो मोबाइल समोर ठेवून वीसेक मिनिटं हातांनी बोलायचा आणि तो व्हिडिओ बहिणीला पाठवायचा. मोबाइलच्या पडद्यावर त्याचे हात आईला काडीएवढे दिसत, म्हणून ताई ते चकतीवर करून घेई. मागे पोट सुटलेला त्यांचा जुना टीव्ही आईच्या डोळ्यांना बरोबर मानवायचा.

वडिलांचं दुखणं बोटांच्या थरथरीपासूनच सुरू झालं होतं. ज्या घरात हातच बोलतात, तिथे हात थरथरणं म्हणजे जीभ लुळी पडणं. शेवटच्या वर्षात त्यांना बायकोला साधं 'पाणी दे' म्हणता येत नव्हतं.

"मोबाइलवर दाखवलंस का तिला?"

"दाखवलं ना. म्हणते, काड्यांमध्ये काय दिसतंय. तिला वाटतं मी लपवतेय. बाबांच्या वेळी खरंच लपवलं होतं, त्यामुळे मला बोलायला तोंड नाही."

काकांनी चकती संगणकात घातली. धाकटा पडद्यावर आला, हसला, बोलू लागला. हात स्वच्छ आणि स्थिर.

"इथे तर ठणठणीत आहे."

"इथे ठणठणीत, घरी आजारी. डॉक्टर बदलायचा की टीव्ही, ते तुम्ही सांगा."

काका जरा दुखावले. हे काम त्यांनी मन लावून केलं होतं. या वेळी नेहमीसारखी चॅटमधून आलेली आकसलेली फाइल न घेता मूळ फाइल मागून घेतली होती. बोटं पुसट होऊ नयेत म्हणून एका चकतीवर दोनच व्हिडिओ ठेवले होते. एवढं करूनही तक्रार?

दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचा स्वतःचा जुना टीव्ही होता, कापड टाकून ठेवलेला. वजनाला भारी आणि तापायला लवकर, म्हणून हल्ली ते तो लावत नसत. आज लावला.

धाकट्याचे हात थरथरत होते. हात उचलला की तो पुढे जाई, किंचित मागे येई, पुन्हा पुढे जाई.

काकांनी संगणकावर जाऊन फाइल बनवतानाचं सेटिंग तपासलं. त्यांनी एक कागद ओढला आणि त्यावर आडव्या ओळी मारल्या.

"हे बघ. असला टीव्ही चित्र एका दमात काढत नाही. आधी एकाआड एक ओळी काढतो, मग राहिलेल्या. दोन फेऱ्या. कुठली फेरी आधीची, हे आपण फाइल बनवताना त्याला सांगायचं असतं. जुन्या टेपच्या कॅमेऱ्यांच्या खालच्या ओळी आधी असतात. मी वर्षानुवर्षं तेच सांगत आलोय. धाकट्याच्या आधीच्या आकसलेल्या फाइलींत दोन्ही फेऱ्या एकाच क्षणाच्या असत, म्हणून काही बिघडत नसे. या मूळ फाइलच्या फेऱ्या पाडताना मात्र वरच्या ओळी आधी आल्या, आणि मी सवयीने शिक्का मारला खालच्यांचा. म्हणजे टीव्ही नंतरचा क्षण आधी दाखवतो आणि आधीचा नंतर. हलणारी प्रत्येक गोष्ट मागेपुढे होते."

"आणि संगणकावर?"

"तो दोन्ही फेऱ्या एकत्रच दाखवतो. तिथे मी फसलो."

"म्हणजे चूक तुमची."

"सगळी माझी."

ताई बाकावर टेकली. "बरं झालं. तुमची चूक परवडली."

संध्याकाळी नवी चकती घेऊन काका स्वतः तिच्या घरी गेले. शिवणयंत्र भिंतीला सरकवून ताईने त्यांना खुर्ची दिली. आई टीव्हीसमोर पाय आवळून बसली. धाकटा दिसला. हात स्थिर. आईच्या कपाळावरची आठी मात्र हलली नाही. तिने काकांकडे बघून दोन-तीन झटपट खुणा केल्या.

ताईने आधी मान खाली घातली. "म्हणते, एवढी यंत्रं आहेत यांच्याकडे. थरथर पुसून आणायला कितीसा वेळ लागला असेल?"

काकांनी कागद काढला, ओळी दाखवल्या. ताई हातांनी सांगत राहिली. आईने कागद सभ्यपणे बघितला आणि परत दिला.

न पटलेली गोष्ट दहादा सांगून पटत नाही. ज्याला पटवायची त्याच्याच हातात ती द्यावी लागते. काकांनी मोबाइल काढला.

"आईला म्हणावं, माझ्याकडे बघून काहीतरी बोला. काहीही."

आई अर्धा मिनिट बोलली. ताई खुदकन हसली.

"काय म्हणाली?"

"राहू द्या. तुमच्या शर्टाच्या कॉलरबद्दल होतं. उलटवून शिवून देईन म्हणते."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणखी एक चकती घेऊन आले. त्यावर आईचं तेच अर्धं मिनिट दोनदा होतं. पहिल्यांदा चुकीच्या सेटिंगने, दुसऱ्यांदा बरोबर. आधी काही सांगू नकोस, असं त्यांनी ताईला बजावलं.

पडद्यावर आई बोलू लागली आणि तिचे हात थरथरले. खऱ्या आईने झटकन आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले. बोटं पसरली, मिटली, पुन्हा पसरली. ती जराही कापत नव्हती. पडद्यावरची मात्र थरथरतच होती. मग दुसरा तुकडा आला. तीच कॉलर, तेच बोलणं, हात स्थिर.

आईने रिमोट घेऊन पहिला तुकडा पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. मग तिने हाताने कागद मागितला. काकांनी खिशातून काढून दिला. या वेळी तिने ओळींवरून बोट फिरवलं, आधी वरच्या, मग खालच्या, आणि मान डोलावली.

नंतर धाकट्याची नवी चकती लागली. आई पुढे सरकून बसली. आतापर्यंत तिने त्याची बोटं कशी हलतात तेवढंच पाहिलं होतं. तो काय बोलतोय ते आज पाहत होती. थोड्या वेळाने तिने चित्र थांबवलं आणि ताईकडे वळून जोरजोरात हात उडवले.

"आता काय झालं?" काकांनी धास्तावून विचारलं.

"काही नाही. त्याने कुठल्याशा बंदरात दाढ उपटून घेतली, तेच पुराण बारा मिनिटं सांगतोय. ती म्हणते, घरी यायची तारीख सोडून सगळं सांगितलंन."

आईने पुन्हा काकांकडे वळून एक लांबलचक वाक्य केलं. या वेळी ताईचा चेहरा लाल झाला.

"सांग की," काका म्हणाले.

"विचारतेय, तिच्या लेकीच्या, म्हणजे माझ्या लग्नाची चकतीही तुम्हीच केली होती ना? तिच्यात आमचे हे मांडवात फार थरथरत होते."

काकांनी आठवून सांगितलं, "ती टेपवरून केली होती. तिथे खालच्या ओळीच आधी होत्या. तिच्यात काही चूक नाही. ती थरथर जावयांचीच."

ताईने ते आईला हातांनी सांगितलं. आईने समाधानाने मान हलवली आणि चित्र पुढे चालू केलं.